वरच्या मजल्यासाठी

"याचं तोंड छताकडे करता येतं का?" बाबांनी विचारलं, आणि सोल्बीच्या हातातलं स्पीकरचं माहितीपत्रक जागच्या जागी चुरगळलं.

शी! म्हणजे हे होतं तर.

योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ती अक्षरशः उड्या मारत आली होती. घरात थिएटरसारखा आवाज आणायचा, असं बाबांनी तिला केव्हाच कबूल केलं होतं. तिने तर वाचून वाचून सगळं ठरवूनही टाकलं होतं. सहा लाख वॉनच्या आत बसवायचं, तर पाच डब्यांचा भपका नको. आपल्या एवढ्याशा हॉलला समोरचे तीन पुरे. पण त्यातला मधला चांगला हवा, कारण पडद्यावरची माणसं बोलतात ती मधल्यातून. आईला पुटपुटलेलं ऐकू येत नाही, मग ती सारखी विचारते, "काय म्हणाला? काय म्हणाला?" आणि जमीन हादरवणारा तो मोठा वूफर? तो तर मुळीच नको.

बाबा नेमके त्या वूफरसमोर उभे होते.

"शेठ, आधी बोलायचं ना!" दुकानदार प्यो खूश झाला. तो वाळवलेला माकूळ मासा चघळत होता आणि बोलताना त्याचा वास थेट तोंडावर येत होता. "मी आपला पोरीला मधला स्पीकर दाखवत बसलोय!" त्याने टेबलाखालून एक खोकं ओढलं. त्यात एक चपटा वूफर होता आणि एक लांब दांडी. "दांडी जमिनीवर टेकवायची, हा वर छताला दाबून बसवायचा. आवाज वरच्याच्या तळपायातून शिरतो तो थेट कवटीत. आवाज कोणता भरून देऊ? हातोडा आहे, बाळाचं रडणं आहे, बाईचं विव्हळणं आहे. हातोडा जास्त खपतो."

बाबा हसले. असं हसू सोल्बीने त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"बाबा, वर राओन राहते."

"राहते ना! नाचू दे की तिला हातोड्यावर."

सातव्या मजल्यावरची राओन पाच वर्षांची होती. ती लिफ्टमध्येसुद्धा चवड्यांवर चालायची. तिची आई ओठांवर बोट ठेवून उभी असायची, आणि बाबा लिफ्टमध्ये शिरले की दोघी भिंतीला चिकटायच्या. थंडी सुरू झाल्यापासून हेच चाललं होतं. डॉक्टरांनी बाबांना जेवणानंतर चालायला सांगितलं होतं. बाहेर गारठा, म्हणून बाबा सहाव्या मजल्यावरच्या आपल्या हॉलमध्येच फेऱ्या मारत. ते चालू लागले की हमखास कुठून तरी ढुम ढुम सुरू व्हायचं. बाबा भडकायचे, झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे, मग आणखी तावातावाने फेऱ्या मारायचे. ढुम ढुम आणखी वाढायचं. "बघितलंस?" ते ओरडायचे. "मुद्दाम करतात! मुद्दाम!"

शेवटी त्यांनी वरच्या दाराशी जाड, मऊ तळव्यांच्या सपाता नेऊन ठेवल्या. वर चिठ्ठी चिकटवली, 'माणसासारखं चालायला शिका.' सपाताही विकतच्या नव्हत्या. पाचव्या मजल्यावरच्या मेंगकाकूंनी चुसोकच्या सणाला बाबांना भेट दिलेल्या. "असल्या गुबगुबीत सपाता मी घालू?" म्हणत बाबांनी त्या तशाच कपाटात टाकल्या होत्या.

बिल्डिंगमध्ये बाबांच्या बाजूने बोलणाऱ्या एकट्या मेंगकाकूच. "झोपच लागत नाही हो," लिफ्टमध्ये बाबांकडे रोखून बघत त्या म्हणाल्या होत्या. "वरच्यांना जराही लाज नसते." बाबा ते वाक्य येईल त्याला ऐकवत होते. पाचव्यावरसुद्धा ऐकू जातं बघा!

"दांडीसकट द्या," बाबा आता प्योला म्हणत होते. "आणि हातोडाच भरा."

सोल्बीने माहितीपत्रक टेबलावर आपटलं.

"हे घरात आलं ना, तर मी सातव्यावर जाऊन राहीन. राओनकडे. मग वाजवा तुमचा हातोडा माझ्या डोक्यात."

"खुशाल जा," बाबा म्हणाले. "आणि तिथे तरी टाचा उचलून चाल."

प्यो खिदळला. माकुळाचा एक धागा त्याच्या दातात अडकून हलत होता. सोल्बीने मान फिरवली. दोघांची तिला सारखीच किळस आली. कसले बाबा हे! पाच वर्षांच्या मुलीशी युद्ध करायला निघालेत, तेही मला कबूल केलेल्या स्पीकरच्या पैशांत!

"बसवायला मीच येतो, ते फुकट," प्योने पेन काढलं. "पत्ता?"

"सोनामु वसाहत. तीन नंबरची बिल्डिंग."

"अरे वा! तिथे तर थंडी पडता पडता हाच बसवून आलोय!" प्योने लिहिता लिहिता आनंदाने मान डोलावली. "पाचव्या मजल्यावर, एका बाईंकडे. भली बाई हो. आधी वरच्याला सणाची म्हणून मऊ सपाता देऊन बघितल्या म्हणे. पण तो बैल टाचा आपटतच राहिला. आता तो चालायला लागला की त्या बटण दाबतात. हां, तुमचा मजला कितवा, शेठ?"

बाबा वळले आणि दाराकडे निघाले, टाचा उचलून, राओन लिफ्टमध्ये चालते तसे.