मंचावरचे बूट

दुसरी घंटा झाली, तेव्हा कौस्तुभ नवे चकचकीत बूट घालून मंचावर ऐटीत बसला होता. देशोदेशीच्या गिटारवादकांमध्ये हा एकटाच कोल्हापूरकर. गावंढळ दिसायला नको, म्हणून बूट मुद्दाम घेतलेले.

मग पाहुणे आले. स्पेनचा म्हातारा, मालीचा तरुण, ब्राझीलची बाई. तिघांनीही विंगेत पायताण काढलं, वाकून मंचाला हात लावला, तो कपाळी टेकवला आणि अनवाणी येऊन शेजारी बसले.

ही रीत कौस्तुभला लहानपणी शिकवणारे गुरुजी पडद्यापलीकडे पहिल्याच रांगेत होते. त्यानं पाय खुर्चीखाली ओढले, पण बूट काही लपेनात.

तिसरी घंटा झाली. त्याच्या बुटांकडे बघत ब्राझीलच्या बाईनं हळूच विचारलं, "इथं असंच करतात ना? की आमचं काही चुकलं?"