टाकीला झाकण

शेवटचा बोल्ट सुटला आणि टाकी तिच्या छातीवर आली. गाडीखाली उताणी पडल्या पडल्या तिने ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि टाचा रोवत, अंगाखालच्या पोत्यासकट, उन्हात सरकली.

"झाली बाई सुटका," वन्सं म्हणाल्या. गुडघे वाकत नाहीत म्हणून मोठ्या नणंदबाई सकाळपासून स्टुलावर बसून टॉर्च धरत होत्या.

पायरीवर चहाचा कप घेऊन नवरा उभा होता. भंगारवाला दुपारी ट्रक आणणार आहे, हे त्याने सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं.

गाडी तिच्या वडिलांची. त्यांच्यामागे ती तिच्याकडे आली, आणि थोड्याच दिवसांत गाडीला खोड लागली. ती चालवायला बसली की गाडी निघायची, शाळेच्या वळणापर्यंत जायची आणि तिथे मान टाकायची. जरा थांबलं की पुन्हा सुरू. नवरा तीच गाडी फाटकापर्यंत नेऊन आणायचा आणि म्हणायचा, चालतेय की, दोष हातात आहे. मेकॅनिकने दोनदा खोलून पाहिली, त्यालाही काही सापडलं नाही. मग तिने गाडी चालवणं सोडलं. घरात मात्र त्या वळणाची म्हणच पडली. दूध उतू गेलं, आमटी खारट झाली, की कोणीतरी म्हणायचं, वळण आलं वाटतं. तीही हसायची.

काल गाडीचा सौदा ठरला तेव्हा मात्र ती हसली नाही. द्यायच्या आधी टाकी उतरवून बघते, म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून नवऱ्याने हात झटकला. ट्रक येईपर्यंत चालती झाली तर ठेव तुझं माहेर दारात.

टाकीतलं पेट्रोल काढ्यासारखं काळं निघालं. ते डब्यात ओतून तिने साबणाचं पाणी आणि दोन मुठी बारीक खडी आत सोडली. मग जुन्या गादीवर टाकी ठेवून एका अंगाने ती, एका अंगाने वन्सं, अशी दोघींनी तिला झोके द्यायला सुरुवात केली. खडी आत खडखडत गंज खरवडू लागली.

"अंगाई म्हणू का?" वन्संनी विचारलं.

ती थांबली. कान टाकीला लावून तिने पुन्हा एक झोका दिला.

"या अंगाला खडे बोलत नाहीत, वन्सं."

पेट्रोलचा काटा बसवतात ते टाकीवरचं भोक तिने मोकळं केलं. तिने तारेचा हँगर सरळ केला, टोकाला आकडा वळवला आणि आत घातला. आधी गंजाचा चिखल आला. चिखलामागून कापड आलं, संपता संपेना. वन्संनी ते बादलीत खळबळून उलगडलं. निळ्या पट्ट्या. खाली दुमडून घातलेली शिवण.

"अगं, हा तर बाळ्याचा पायजमा." धाकट्या भावाला त्या अजून बाळ्याच म्हणत.

तिने चाकाशी पडलेल्या फडक्याकडे पाहिलं. टाकीच्या तोंडातून ते तिनेच सकाळी उपसून टाकलं होतं. त्याच निळ्या पट्ट्या, उन्हाने विटलेल्या. टाकीचं झाकण हरवलं तेव्हा नवं घ्यायचं सोडून नवऱ्याने जुना पायजमा फाडला होता आणि एक पाय तोंडात कोंबला होता. तो नाहीसा झाल्यावर, धुण्यात टाकलास म्हणून बोलणी तिने खाल्ली होती. मग दुसरा पाय कोंबला गेला. पहिला इथे, पोटात. गाडी पेट्रोल ओढू लागली की तरंगत जाऊन नळीच्या तोंडावर बसायचा, थांबली की सुटायचा. वळणापर्यंत जायला त्याला तेवढाच वेळ लागत असणार.

तिने पाणी निवळशंख येईपर्यंत टाकी धुतली, थोड्या पेट्रोलने विसळली, उन्हात वाळवली. टाकी वाळेपर्यंत दोन्ही पाय साबण लावून धुतले आणि पायरीसमोरच्या दोरीवर चिमटे लावून शेजारी शेजारी वाळत घातले.

टाकी परत चढवून ती गाडीखालून निघाली तेव्हा नवरा दोरीपाशी उभा होता.

"हे काय?"

"तुमचा पायजमा. दोन्ही पाय सापडले."

तो म्हणाला, सरकलं असेल कधीतरी, कापडच ते. फाटकापाशी ट्रकचा हॉर्न वाजला. तिने कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं. तेवढ्यात नवऱ्याने सवयीने दोरीवरचा एक पाय ओढला, त्याची गुंडाळी केली आणि गाडीकडे वळला.

तिने टाकीच्या तोंडावर तळहात ठेवला.

"नको."

"अगं, मग उघडी नेणार?"

वन्संनी आतून एक पत्र्याच्या डबीचं झाकण आणलं. तिने ते तोंडावर बसवलं, सुतळीने आवळलं आणि चालकाच्या जागी जाऊन बसली. वन्सं तिच्या शेजारी बसल्या. दोनदा खोकून इंजिन लागलं.

भंगारवाला हसत आडवा आला. बाई, कशाला त्रास घेता, म्हणाला, आम्ही ओढून नेतो की.

"ट्रक मागे घ्या," ती म्हणाली. "मला बाहेर पडायचंय."

त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या हातात पायजम्याचा ओला पाय होता. तो फाटकाकडे बोट करून म्हणाला, घ्या मागे, वळणावर बंदच पडणार आहे. पण आवाज खाली आला होता.

शाळेचं वळण दिसलं तशी वन्संनी दाराची मूठ धरली आणि डोळे मिटून घेतले. तिने गिअर बदलला. वळण गेलं. दवाखाना गेला. पूल लागला.

"डोळे उघडा, वन्सं."

वन्संनी आधी एक उघडला. "कुठे नेतेस गं?"

"झाकण घ्यायला."