पंकजाच्या गळ्यातली किल्ली

"घरात बंदूक आहे ना, झुंबरबाई?"

झुंबरबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. नगरच्या दवाखान्यात मनाचे आजार बघणाऱ्या वृषाली मॅडम ओट्यावर येऊन बसल्या होत्या आणि पहिल्याच घोटाला हे विचारत होत्या.

"हाय की. परवान्याची. आमचा गोरक्ष फौजेतनं आला, बँकेच्या राखणीला लागला, तवा घेतली. आख्ख्या गावात एकच. दसऱ्याला झेंडू वाहतो आमी तिला."

"ती काही महिने घरात नको. पोलीस ठाण्यात जमा करा. निवडणुकीत करता, तशीच."

"आत्ता कुठली निवडणूक? फौजीच्या घरात काय झालं म्हणून गाव विचारील. काय सांगू?"

मॅडमनी आवाज खाली घेतला. "या घरातलं एक माणूस माझ्याकडे येतं. जीव नकोसा झालाय त्याला. नाव फोडणार नाही, असा मी शब्द दिलाय. बंदुकीचं तेवढं सांगायला त्यानं होकार दिला. पण उद्यापर्यंत ती हलली नाही, तर मला शब्द मोडावा लागेल. जीव आधी."

"नाव कशाला सांगता? मला काय डोळे न्हाईत?"

"अंदाज बांधू नका. कपाटाची किल्ली तोवर तुमच्याजवळ ठेवा. फक्त तुमच्याजवळ."

झुंबरबाईंनी मॅडमपुढचा कप उचलला. म्हणजे आता उठा.

मॅडमची गाडी गेली तरी त्यांच्या कानाच्या पाळ्या गरमच होत्या. दर मंगळवारी गोरक्ष बायकोला मोटारसायकलवर घालून नगरला न्यायचा. येताना पंकजाच्या पर्समध्ये गोळ्यांची पाकिटं असायची. शेजारच्या गोजरबाईला त्यांनी सांगून ठेवलं होतं, सुनेच्या कंबरेत चमक भरती. दुसरं काय सांगणार? सून आत डॉक्टरपाशी रडतीय आणि त्यांचा सहा फुटी पोरगा बाहेर उन्हात गाडीपाशी उभा, हे डोळ्यापुढं आलं की त्यांची मान खाली जायची.

पोरगा वाळला होता. बँकेची नोकरीही सोडली होती त्यानं. हिच्यापायीच, दुसरं काय. ही बया खोलीच्या दारात आडवं अंथरूण टाकून झोपायची. "पळून जायचंय काय?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. "आत उकडतं, आत्याबाई," म्हणाली. भर थंडीत.

थोड्या वेळानं पंकजा भाकरीचं पीठ मळायला वाकली आणि तिच्या गळ्यातला काळा दोरा बाहेर लोंबला. दोऱ्याला बंदुकीच्या कपाटाची किल्ली होती.

झुंबरबाई झटक्यात पुढं झाल्या. त्यांनी दोरा हिसकला, तो तुटला.

"आत्याबाई, तुमी ठेवा," पंकजा म्हणाली. "कनवटीला लावा तुमच्या. पण दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"आता तू मला शिकव. मी दुपारची लवंडले की काढशील व्हय? ज्याची बंदूक, त्याच्याकडं किल्ली."

पंकजानं पिठाच्या हातानं त्यांचा पदर धरला. "पाया पडते."

"पदर सोड. माहेरी असली थेरं केली असतीस तर पत्करलं असतं. माझ्या पोराची अब्रू घालवायला निघालीस."

गोरक्ष खोलीत, बंदुकीच्या कपाटाशेजारच्या पलंगावर पडला होता. त्यांनी किल्ली त्याच्या हातात कोंबली. "धर. बायकोपासून जप."

तो किल्लीकडं बघत राहिला. "आई, ठाण्यात टाकून येऊ का बंदूक?"

"काय गरज न्हाई. फौजी ना तू? एक बाई सांभाळता यीना?"

त्यानं मूठ मिटली. झुंबरबाई बाहेर आल्या, तशी आतून कडी लागली.

पंकजानं मॅडमना फोन करून "लगेच या" एवढंच सांगितलं आणि खोलीच्या दाराला पाठ लावून बसली. घोडेगावच्या बाजारातनं आणलेल्या म्हशीचं काहीतरी आतल्या गोरक्षशी बोलत राहिली. आज दूध कमी आलं. वैरण संपत आलीय. आतून "हूं" यायचं. मग "हूं" येईना. तरी ती बोलतच राहिली.

"आता भिताडाशी बोल," झुंबरबाई म्हणाल्या.

मॅडम नगरच्या वाटेवरच्या पांढरीच्या पुलावरनंच माघारी फिरल्या असाव्यात. गाडी अंगणात उभी राहिली तशा धावत आत आल्या. "किल्ली कुठंय?"

"हिच्या गळ्यात हुती," झुंबरबाईंनी पदर खोचला. "हिसकली आणि पोराकडं दिली. माझं घर मला सांभाळता येतं, मॅडम."

मॅडमचा चेहरा उतरला. "झुंबरबाई, मला आता शब्द मोडावा लागतोय."

तेवढ्यात कडी निघाली.

गोरक्ष दारात उभा होता. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. एका हातात चादरीत गुंडाळलेली बंदूक, दुसरी मूठ मिटलेली. त्यानं बंदूक मॅडमच्या पायापाशी ठेवली. मूठ पंकजाच्या पिठाळ हातावर उघडली. आईकडं काही बघितलं नाही.

"किल्ली हिच्याकडंच राहू दे, आई," तो म्हणाला. "मंगळवारी आत मी बसतो. गाडीपाशी ही उभी असती."