चौदा नंबरचा फिल्टर

हणमंत खिलारे गेल्या वर्षी वारले. पण कागदोपत्री तसं काही झालेलं नाही. ते अजून फाउंड्रीत तिन्ही पाळ्यांना हजर असतात.

धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या सहा महिन्यांत फाटायच्या. आता फिल्टरमध्ये त्यांच्या जागी मेलेल्या कामगारांची फुप्फुसं बसवतात; ती फाटली तरी आपली आपणच भरून येतात. गाळणीचा वीस वर्षांचा खर्च निम्म्यावर आला. श्वास चालू असल्यामुळे मृत्यूचा दाखला तेवढा मिळत नाही, दहावंही करता येत नाही.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, म्हणून त्या दिवशी घरच्यांना आत सोडतात. हणमंत यांच्या बायकोनं, शालननं, चौदा नंबरच्या फिल्टरच्या काचेला हार घातला, हळदकुंकू लावलं, पुढ्यात पेढा ठेवला. आतून खोकला आला. दोनदा जोरात, मग जरा थांबून एकदा हळू. तिनं तो लगेच ओळखला. बावीस वर्षं ती त्या खोकल्याशेजारी झोपली होती.

"घाबरू नका वहिनी," सुपरवायझर बोंद्रे म्हणाले. "फिल्टर स्वतःला झाडतोय. अजून एकोणीस वर्षं बघायला नको."

"दुखत असंल का हो?"

"फिल्टरला?"

"आमच्या मालकांस्नी."

बोंद्रेंनी माहितीपुस्तिका शेवटपर्यंत चाळली. "दुखण्याचं पान नाही यात. आणि तो पेढा उचला, मुंग्या लागतात. बाकी काही असेल तर अर्ज करा."

शालननं गेटवर बसून अर्ज लिहिला.

'महोदय, फिल्टर क्रमांक चौदा यांना मरण्यासाठी एक दिवसाची रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. दुसऱ्या दिवशी ते कामावर येणार नाहीत, याची हमी मी देते.'