नमुन्याची डबी

"कालची डबी काढा," मॅनेजरसाहेब म्हणाले. कारखान्याच्या कँटीनमध्ये ते एरवी फक्त चहाला डोकावत. आज हात मागे बांधून आले होते.

पॅकिंग विभागातले तिघे सकाळपासून पोट धरून घरी पडले होते. तिघांनीही काल दुपारी इथलीच बटाट्याची भाजी खाल्ली होती. खाल्ली तर दोनशे जणांनी होती, पण हे साहेबांना सांगणार कोण? भाजीत दोष निघाला तर स्वयंपाकीणकाकूंची बावीस वर्षांची नोकरी आजच संपणार होती. साहेबांनी तसं आल्या आल्या बजावलंच.

डबीचा नियम आहारतज्ज्ञ मॅडमचा. सहा महिन्यांपूर्वी त्या रुजू झाल्या आणि कँटीनला शिस्त लागली. तेल मोजून, मीठ मोजून, भिंतीवर तक्ते. रोजच्या भाजीचा नमुना झाकणाच्या डबीत, वर तारखेची चिठ्ठी, दोन दिवस फ्रीजमध्ये. कुणाला काही बाधलंच तर तपासायला असावा म्हणून. जेवणाच्या सुट्टीत लोक मॅडमना गाठून शंका विचारत. रात्री भात खाल्ला की वजन वाढतं का? अंड्यातला पिवळा बलक टाकून द्यायचा का? मॅडम न कंटाळता उत्तरं देत आणि आपल्या डब्यातलं उकडलेलं गाजर चावत. ते बघून विचारणाऱ्याचीच भूक मरायची.

काकूंनी फ्रीजमधली डबी आणून टेबलावर ठेवली. साहेबांनी झाकण काढलं. आत भाजीचा कणही नव्हता. डबी चाटूनपुसून लख्ख.

"नमुनाच गायब?" साहेबांचा आवाज चढला. "कोणी संपवला हा?"

काकूंनी एप्रनला हात पुसले. कोरडे हात पुन्हा पुसले. "मला नाही माहीत, साहेब."

"मग उद्यापासून येऊ नका."

"थांबा," तक्त्याजवळ उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "भाजी मी खाल्ली."

"चाचणी म्हणून?" साहेबांनी त्यांना सुटायला वाट करून दिली.

"नाही. भूक लागली म्हणून. सगळे घरी गेले की रोज खाते." स्वतःचाच नियम आपण सहा महिने मोडत आलोय, हे चारचौघांत सांगताना मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आता माघार नव्हती. "इतक्या कमी तेलातही काकूंच्या हाताला अशी चव आहे, की राहवतच नाही. आणि माझं पोट ठणठणीत आहे. दोनशेतले बाकीचेही कामावर आहेत. आता त्या तिघांना फोन लावा. भाजीशिवाय काल आणखी काय खाल्लं, ते विचारा."

फोन लागला. कोणाच्या तरी वाढदिवसाचा क्रीमचा केक परवापासून पॅकिंगच्या टेबलावर उघडा पडला होता. वाया जायला नको, म्हणून तिघांनी तो काल संध्याकाळी फस्त केला होता. साहेबांनी घसा खाकरला, नियमांबद्दल मॅडमना दोन शब्द सुनावले आणि काकूंकडे न बघताच काढता पाय घेतला.

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "काकू, माझ्या खादाडपणापायी तुमची नोकरी जात होती. माफ करा मला."

"गाजरावर माणूस किती दिवस काढणार?" काकू म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात डबी रिकामी सापडली आणि तुमच्या रुमालाला भाजीचे डाग दिसले. तेव्हापासून तुमच्या डबीत मी रोज चमचाभर लोणी जास्त घालतेय."