पाखरं हाकलायचा डबा

अंथुर्णे गावात आमच्या बांधाला लागूनच हॉटेल झालं आणि रोज रात्री एकपर्यंत डीजे वाजू लागला. सांगून थकले. मालक अविराज हसायचा, "गाण्याबिगर गिऱ्हाईक टिकत न्हाय, आजी." मग मी पाखरं हाकलायचा पत्र्याचा डबा काढला आणि पहाटे पाचला रानातल्या माळ्यावर चढून काठीनं बडवू लागले. हॉटेलच्या वरच झोपणारा अविराज पाचव्या दिवशी लाल डोळ्यांनी बांधावर आला. "आजी, ज्वारी काढून महिना झाला! मोकळ्या रानात कसली पाखरं हाकलताय?" "पुढच्या ज्वारीवरची." "ती पेरायला सहा महिने हायत!" "मग सहा महिने हाकलीन." डब्याकडं बघत तो पुटपुटला, "रात्री दहाला डीजे बंद करतो." त्या रात्री गाढ झोपले. सकाळी डब्याला भोकं पाडून माती भरली, कोथिंबीर लावली. काठी मात्र त्याच्या खिडकीतून दिसेल अशी माळ्यावरच उभी ठेवली.