सीटमागचा पत्रा

दीनानाथ सोवनींनी गाडीचा पुढचा भाग बघितलासुद्धा नाही. काठी टेकत ते सरळ मागे गेले आणि वाकून चालू इंजिनाचा आवाज ऐकू लागले.

"बंद कर," ते म्हणाले.

उदयने किल्ली फिरवली. ब्रिस्टलबाहेरच्या त्या भाड्याच्या गॅरेजमध्ये एकदम शांत झालं.

ॲशकोट नावाच्या कंपनीने एकाहत्तरच्या उन्हाळ्यात ही स्पोर्ट्स कार बांधायला घेतली होती. नमुना म्हणून, एकच. नाताळाच्या आत कंपनीला कुलूप लागलं आणि गाडी बेपत्ता झाली. आता मात्र 'तीच मी' म्हणणाऱ्या दोन गाड्या निघाल्या होत्या. एक जर्मनीत, दुसरी ही. खरी कोणती ते सांगू शकणारा एकच माणूस उरला होता, पुण्याहून येऊन तेव्हा कंपनीत नुकता लागलेला इंजिनिअर, दीनानाथ.

उदयने ही गाडी आईवडिलांचं स्लाऊचं घर विकून घेतली होती. दीनानाथ 'हो' म्हणाले की पुढच्या आठवड्यात लिलाव, आणि मग ब्रिस्टलमध्ये स्वतःचं घर. 'नाही' म्हणाले तर हाती फायबरग्लासचा एक हिरवा डबा. गेले कित्येक महिने त्याच्या बायकोला, स्वातीला, धड झोप नव्हती.

"खरी आहे ना रे?" तिने सकाळीही विचारलं होतं.

"हंड्रेड पर्सेंट, स्वाती."

उदय स्लाऊमध्येच जन्मला, वाढला. मराठीतल्या तो-ती-ते यांनी त्याला कधी दाद दिली नाही, आणि देवधर्म म्हणजे दिवाळीचा फराळ, एवढीच त्याची समजूत. या वर्षी मात्र स्वारी अधूनमधून देव्हाऱ्यापाशी दिसायला लागली होती. गाडीने नवऱ्याला आस्तिक केलं, असं स्वाती मैत्रिणींना हसून सांगायची.

"चासी नंबर घासलाय," दीनानाथ म्हणाले.

"रस्ट होता, काका. क्लीन करताना गेला."

"हे वेल्डिंग आमचं नाही."

"रिपेअर केला ना मी. लीड्सजवळ एका बार्नमध्ये पडला होता गाडी. फ्लोअर पूर्ण गेलेला."

प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं. कोपऱ्यात जुन्या गाड्यांच्या क्लबचा परीक्षक कॅमेरन गळ्यात कॅमेरा अडकवून उभा होता. म्हातारबुवांच्या शब्दावर क्लब शिक्का मारणार होता.

दीनानाथ कसेबसे ड्रायव्हरच्या सीटवर बसले. डावा हात त्यांनी मांडीशेजारच्या उंचवट्यावर ठेवला.

"इंजिन पाठीमागे, रेडिएटर पुढे. उकळतं पाणी इथून, मांडीला खेटून जायचं. चालवणारा शेकून निघायचा. पाइपला गुंडाळायला शेवटी मी ॲस्बेस्टॉसची दोरी आणली." ते थोडं हसले. मग हसू मावळलं. "अशाच सीटवर बसलो होतो, तेव्हा तार आली. वडील गेले. घट बसून दोन-तीनच दिवस झाले होते. रजा मिळाली नाही. तिकिटाला पैसेही नव्हते म्हणा."

"अरेरे," स्वाती म्हणाली. तिला फार वाईट वाटलं. तिने थर्मासमधला चहा त्यांच्या हातात दिला. खोट्या गाडीत बसून माणसाला असं काही आठवेल का, हाही विचार तिच्या मनात आला आणि तिला जरा धीर आला.

"काका," उदय घसा खाकरून म्हणाला, "मंडळात दिवाळीला तुम्ही तो स्टोरी सांगितला होता. खंडेनवमीचा."

किस्सा सांगितला होता खरा. पुणे काय, ब्रिस्टल काय, हाताखालच्या मशीनला खंडेनवमीला कुंकू लावल्याशिवाय राहिलो नाही, असं दीनानाथ स्टेजवरून म्हणाले होते. इथे फोरमन चिडेल म्हणून त्याला दिसणार नाही अशा जागी बोटं टेकवायची आणि वरून पारदर्शक लॅकरचा हात मारायचा. टाळ्या पडल्या होत्या.

"या सीटमागचा पत्रा तुम्हीच बसवलेला ना? इंजिनची हीट थांबवायला? मी टच नाही केला त्याला. तुमच्यासमोर उघडायचा होता."

दीनानाथांनी चहाचा पेला बाजूला ठेवला आणि काठी टेकत ते गाडीबाहेर आले.

"उघड," ते म्हणाले.

सीट बाहेर काढली. उदयने ड्रिल लावून एकेक रिव्हेट उडवला. घाम नाकावरून ठिबकत होता. आत काही नसलं तर? स्वातीने डोळे मिटून घेतले. शेवटचा रिव्हेट खणकन खाली पडला.

"काका, बघा!"

पत्र्याच्या आतल्या बाजूला पिवळट पडलेल्या लॅकरखाली पाच बोटं उमटली होती. लाल, जरा फिकट.

स्वातीने हात जोडले आणि ती रडायलाच लागली. रडता रडता तिने कॅमेरनला कुंकू म्हणजे काय ते सांगितलं. कॅमेरन पहिल्यांदाच हसला. हे इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुणाला सुचणं शक्य नाही, म्हणाला, आणि धडाधड फोटो काढू लागला. उदय पाठ टेकून खाली फरशीवरच बसला.

दीनानाथांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. पत्रा उजेडात धरून नीट पाहिला आणि हळूच खाली ठेवला.

"स्वाती, तू नागपूरची ना? सगळं पाळणाऱ्या घरातली?"

"हो काका," ती डोळे पुसत म्हणाली.

"मग तुझ्या नवऱ्याला सांग बाई, बापाच्या सुतकात कुणी खंडेनवमी करतं का?"